हिरवी बहात्तर आणि पांढरी एकाहत्तर

मंडळी, सांगा बरं — माणसाला माणूस कशानं बांधला जातो? रक्तानं? मग बांधावरून सख्खे भाऊच का भांडतात! पुढच्या रांगेत कोण हसलं ते दिसलं हो मला!

तर ऐका. फलटणचे केसकरअण्णा. त्यांची एक हिरवी गाडी, एकोणीसशे बहात्तरची. नि मोबाईलवर तसल्याच जुन्या गाडीवाल्यांचा ग्रुप. तिथं माणसाला नाव नाही — गाडीचा रंग नि साल! अण्णा म्हणजे 'हिरवी बहात्तर'. आणि रीत काय? गाडी बिघडली, की फोन इंजिनाजवळ धरायचा नि आवाज पाठवायचा. बाकीचे कान लावून दुखणं सांगणार!

त्यात एक 'पांढरी एकाहत्तर'. त्याचं नि अण्णांचं तीन वर्षं भांडण. कशावरून? इंजिनात ऑइल कुठलं घालावं! "तुम्ही आपली बैलगाडी घ्या!" इथवर मजल! एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही हं — नुसती बोटं भांडतात!

अण्णांच्या मृदुलाचं लग्न ठरलं, साताऱ्याला. वऱ्हाड पुढं गेलं. पोरीचा हट्ट — मांडवात जाईन तर बाबांच्याच गाडीतून! मुहूर्त अकरा बेचाळीसचा. आणि दहाला, वाठार फाट्यावर — फट्! गाडी बंद!

पोरगी रडायला लागली. अण्णा घामाघूम. धरला फोन इंजिनाजवळ — कुर्र, कुर्र, फट्! "वाठार फाटा" लिहून दिला पाठवून. पहिलं उत्तर कुणाचं? पांढरी एकाहत्तर! "रोटर गेलाय. हलू नका. मी जवळच राहतो."

थोड्या वेळानं दूधवाल्याच्या मोटारसायकलवरून, दोन कॅनांच्या मधे अंग चोरून एक गृहस्थ आले. पायजमा दुधानं भिजलेला! आधी नमस्कार कुणाला? गाडीला! अण्णांना नाही! खिशातून रोटर काढला — इंजिनात ठिणगी वाटणारा अंगठ्याएवढा तुकडा हो — नि बसवला. एका किल्लीत गाडी सुरू!

अण्णा म्हणाले, "पण तुमची गाडी कुठाय?"

"रोटर तिचाच काढला ना!"

अण्णांना भरून आलं. "अहो, आपलं तर भांडण..."

"ते ऑइलचं. तुमच्या इंजिनामागं कुणीतरी रडत होतं. ते ऐकलं मी."

अण्णांनी हात धरून त्यांना गाडीत बसवलं. बसता बसता ते म्हणतात, "पण ऑइल तुम्ही चुकीचंच घालता!" मुहूर्त गाठला, मंडळी!

लोखंडाच्या खडखडाटातून त्यानं परक्या पोरीचं रडणं ऐकलं. आणि आपण? घरात म्हातारा बाप चार दिवस खोकतोय. आवाज बदललाय त्याचा. कुणाच्या कानावर गेला? आता घरी जा, त्याच्या खाटेशी बसा, तेवढं ऐका. मग उद्या माझं कीर्तन ऐकायला नाही आलात तरी चालेल!