चारशे तीस

सासू : हात लावू नका काचेला. आठ दिवसांत लावलेत तेवढे दिवे पुरेत.

जावई : आई, मी पुसत होतो फक्त. आतून पांढरा थर बसलाय.

सासू : दिसतंय मला. बहिणीकडून आठ दिवसांनी परत येते, तर टाकीत हे असं पिठाचं पाणी. आणि हे माझं हरणशिंग प्रवाळ बघा. नखाएवढा तुकडा आणला होता मी. सहा वर्षांत वीतभर वाढवला. आता बुडापासून सालटं निघतंय आणि खाली नुसतं हाड. मेलंच म्हणायचं.

जावई : वरची टोकं अजून जिवंत आहेत.

सासू : ते मला सांगू नका, जावईबापू. प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम घेऊन स्वतःचं हाड बांधतं. रोज जेवढं घेतं तेवढं रोज परत घालायचं, बस. एवढंच काम सोपवलं होतं. सकाळी खायच्या सोड्याच्या पाण्याची बाटली, रात्री कॅल्शियमची. दोन्हींत बारा तासांचं अंतर. कागदावर लिहून दाराला चिकटवून गेले होते. तुम्ही काय केलंत?

जावई : दोन्ही सकाळीच घातलं. ऑफिसला उशीर होत होता.

सासू : किती वेळाने?

जावई : पाचेक मिनिटं.

सासू : आणि एकाच कोपऱ्यात.

जावई : हो.

सासू : म्हणजे सोडा नि कॅल्शियम एकत्र करून पाण्यात खडू तयार केलात आणि जिवांच्या अंगावर ओतलात. शाळकरी पोराला कळेल ते तुम्हाला कळलं नाही. आणि कॅल्शियमची बाटली अर्धी कशी झाली? मी भरून ठेवली होती.

जावई : मी तिप्पट घातलं.

सासू : कोणाला विचारून?

जावई : कमी आलं म्हणून. पहिल्याच दिवशी तपासलं तर तीनशे साठ. तुम्ही रोजचा आकडा लिहिता त्या फळ्यावर आदल्या दिवशीचे चारशे तीस. मी हादरलो. माझ्या हातात टाकी आली आणि एका रात्रीत सत्तरने उतरलं?

सासू : तपासताना थेंब मोजता आले नसतील. नाचता येईना अंगण वाकडं.

जावई : तीन वेळा मोजले. मग पाणी बाटलीत भरून शोभेचे मासे विकणाऱ्याच्या दुकानात नेलं. त्याच्या यंत्रावर तीनशे पंचावन्न.

सासू : मग मला फोन का नाही केलात?

जावई : केला असता तर तुम्ही काय म्हणाला असतात, ते आत्ता म्हणताच आहात. मला वाटलं, तुम्ही यायच्या आत वर आणून ठेवावं. ती माझी चूक. घाई केली, कागद पाळला नाही, तीही माझी. पण एक सांगा, दिवसाला कॅल्शियम किती उतरतं?

सासू : दहा. फार तर पंधरा.

जावई : मग सत्तर कुठे गेलं?

सासू : वकिली करू नका. तीस वर्षं पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काढलीत मी. लोकांची रक्तं तपासली. माझ्या सहीने एक आकडा चुकीचा बाहेर गेला नाही. मी चारशे तीस लिहिलं म्हणजे चारशे तीस होतं.

जावई : फळ्यावर गेले सहा महिने रोज चारशे तीसच आहे. ना चारशे वीस, ना चारशे चाळीस. जिवंत टाकीत असं होतं?

सासू : नीट सांभाळली की होतं.

जावई : मग आत्ता तपासा. माझ्यासमोर.

सासू : माझी परीक्षा घेताय?

जावई : आई, आठ दिवस मी झोपलो नाही. तुमची लेक रोज विचारायची, काय झालंय, आणि मी गप्प. मीच मारलं म्हणून स्वतःला खात बसलो होतो. एवढं करा माझ्यासाठी.

सासू : घ्या ती नळी. पाणी भरा, रेघेपर्यंत. पूड घाला. आता गुलाबी झालं असेल.

जावई : झालंय.

सासू : आता थेंब. एका थेंबाला दहा. निळं झालं की थांबायचं. एक, दोन, तीन, चार...

(जावई नळीकडे बघतो आहे, सासू मोजते आहे. एकतिसाव्या थेंबाला तो तोंड उघडतो आणि पुन्हा मिटतो.)

सासू : ...एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. झालं निळं. चारशे तीस. घ्या.

जावई : टाकीत खडू झालाय, हरणशिंगाचं हाड उघडं पडलंय, आणि तरी चारशे तीस?

सासू : आकडा समोर आहे तुमच्या.

जावई : एकतीसला निळं झालं होतं, आई. पुढचे बारा थेंब तुम्ही निळ्यातच टाकलेत.

सासू : खोटं बोलताय.

जावई : तुमच्या लेकीची शपथ घेऊ का?

सासू : मग मध्येच का नाही बोललात?

जावई : तुम्ही कशावर थांबता ते बघायचं होतं. रंगावर नाही थांबत तुम्ही. मोजणीवर थांबता.

(सासू नळी दिव्यासमोर धरून बघते.)

जावई : कधीपासून?

सासू : आवाज खाली करा.

जावई : कधीपासून दिसत नाही?

सासू : दिसतं मला. निळं आणि गुलाबी तेवढं एकात एक मिसळतं. आधी खिडकीशी उभी राहायचे. मग दिवा घेतला. मग दोन दिवे. मग त्रेचाळीसला थांबायला लागले. इतकी वर्षं तेवढेच लागत होते, म्हटलं तेवढेच असणार.

जावई : आणि आम्हाला सांगायचं नाही.

सासू : सांगून काय झालं असतं? तुमच्या मागच्या खोलीत नेऊन बसवलं असतं मला. आई, गॅसजवळ जाऊ नका. आई, एकट्या बाहेर पडू नका. टाकी विकून टाकली असती. हे घर गेलं असतं. मला माहीत आहे माझी लेक.

जावई : आणि रस्ता? सहा महिने तुम्ही असे डोळे घेऊन रस्ता ओलांडताय? औषधाच्या गोळ्या कशा ओळखता? मला राग त्याचा येतोय. टाकी गेली खड्ड्यात.

सासू : टाकीला काही बोलू नका.

जावई : बोलणार. माझ्यावर मघापासून तोंडसुख घेताय, आणि मनात तुम्हाला ठाऊक होतं.

सासू : नव्हतं ठाऊक. संशय होता. तो तुमच्यावर ढकलला की हलकं वाटत होतं.

जावई : उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मी सुट्टी टाकतो.

सासू : आणि तिला? येईलच ती आता. तुम्ही सांगणार?

जावई : तुम्ही सांगा. मी सांगितलं तर तक्रार होईल. पण आजच. आणि मागच्या खोलीचं निघालं तर मी तुमच्या बाजूने उभा राहीन, तेवढा शब्द देतो.

सासू : बायकोसमोर उभे राहाल?

जावई : प्रयत्न करीन.

सासू : तीच आली वाटतं. जिन्यावर तिच्याच चपला. बसा तुम्ही, दार मी उघडते आणि सांगतेही मीच.

जावई : मी तोवर काय करू?

सासू : दुसरी नळी धुऊन पाणी भरून ठेवा. थेंब मीच टाकणार. पण निळं झालं की तिथल्या तिथे सांगा, सासूची भीड धरून गप्प बसू नका.