टँकरचा अर्ज

‘सॉफ्टन’ हा शब्द ऐकला की माझं डोकं आजही भणभणतं. लातूर नुकताच जिल्हा झालता, दुष्काळ होता आणि गावात इंग्रजी शिकवणारा मी एकटाच. म्हणून टँकरचा अर्ज लिहायचं माझ्याच गळ्यात पडलं. मी लिहिलं, "आठ दिवसांत टँकर आला नाही तर अख्खं गाव कचेरीवर येईल."

नव्या कचेरीतले हेडक्लार्क म्हणाले, "गुरुजी, साहेब नवे हायत. जरा सॉफ्टन करा, मऊ लिहा."

मी धमकी काढून ‘विनंती’ घातली. पुढच्या खेपेला म्हणाले, "अजून थोडं." मी ‘नम्र’ जोडलं. तिसऱ्या खेपेला एसटीत उभा राहून गेलो, तर त्यांनी स्वतःच पेन उचललं आणि खाली लिहिलं, "आपण लक्ष घालत आहात, त्याबद्दल गाव आभारी आहे."

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. "आपले आभारपत्र मिळाले. गाव समाधानी असल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे."

ते मी चावडीत मोठ्यानं वाचलं. दुसऱ्या दिवशी गावातल्या साऱ्या बाया रिकाम्या घागरी घेऊन कचेरीत शिरल्या. सरपंचाच्या म्हाताऱ्या आईनं आपली घागर हेडक्लार्कच्या टेबलावर आदळली. "आमचे आभार घेतलेस न्हवं? आता हिच्यात पाणी भर."

हेडक्लार्कनं मला कोपऱ्यात ओढलं. "गुरुजी, यांना जरा सॉफ्टन करा हो!"

मी म्हणालो, "पेन तुमच्याकडं हाय. तुम्हीच करा."