बाकडं माझंच होतं, पण...

...अहो हसताय काय? तुम्हाला सांगतो, जे. पी. नगरच्या बागेतलं ते वाकडं बाकडं माझं आहे! म्हणजे, होतं. डिझायनर ना मी! पुण्याहून इथं कानडी मुलखात आलो, बघतो तर बागेत जो तो मोबाइलमध्ये मान खुपसून... म्हटलं, छे! माणसं बोलली पाहिजेत! म्हणून असं वळणदार बाकडं काढलं, की दोन अनोळखी माणसांची तोंडं समोरासमोर आलीच पाहिजेत. आमची कस्तुरी म्हणाली, "समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं रे?" म्हटलं, "मला काय माहीत?" म्हणे, "वा! आणि माणसं बोलली पाहिजेत!" बायको आहे की वैरीण?

त्यात बागेची कमिटी फोनवर म्हणाली, महिनाभर बघू, लोक बोलले तर अशीच आणखी करू, नाहीतर हेही उचला. झालं! रोज संध्याकाळी झाडाआड उभा राहून मी बघतोय... काय बघतोय? एक बाई आल्या, समोरच्याशी नजरानजर झाली आणि चालायलाच लागल्या! गुडघ्याला गुडघा लागतो म्हणून दोघं चक्क पाठ फिरवून बसले. उलटे हो, उलटे!

शेवटी मीच जाऊन बसलो. समोर एक आजोबा, फाडकन गुडघा आपटला, मी ओरडलो, "आई गं!" आजोबा खूश! "मराठी काय तुम्ही? मी हणमंतराव, इथं जवळच्याच बनशंकरीचा. सरी, असू दे, पण हे बाकडं कुण्या शहाण्यानं केलं म्हणतो मी? स्वल्पसुद्धा अक्कल नाही की हो!"

आता काय सांगणार? म्हटलं, "नाहीच! गाढव असणार मेला!"

हणमंतरावांनी तेच कन्नडमध्ये खणखणीत ऐकवलं आणि काय सांगू, त्या बाई परत आल्या, ते उलटे सुलटे झाले, अख्खी बाग बोलायला लागली! माझ्या बाकड्याला शिव्या घालत! आणि सगळ्यात सरस शिव्या कुणाच्या? माझ्या! दोष मलाच ठाऊक ना सगळे. म्हणून कमिटीपुढं बोलायलाही मलाच पुढं केलं. तिथं मला कोण ओळखतंय? सगळं फोनवरच ठरलेलं! असा बोललो, असा बोललो... दुसऱ्या दिवशी बाकडं उचललं.

आता आमची ती सगळी गँग रोज कोपऱ्यावरच्या हॉटेलात, उंच टेबलाभोवती उभ्यानं, एका कपाची दोघांत बाय-टू कॉफी घेत तासन्‌तास बोलते. कस्तुरी म्हणते, "बोलली ना माणसं?" बोलली हो.

काल हणमंतराव पोटऱ्या चोळत म्हणाले, "अहो, इथं एखादं बाकडं पाहिजे होतं की!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले, बाकडं उचलायला लावणारा मीच ना! मी कॉफीचा कप तोंडाला लावला. माणसं बोलली पाहिजेत, कबूल... पण मी कशाला बोलू?