पाच जण, आठ क्लास

(सोलापूर. रविवारची दुपार. दारावर 'मैत्री वधू-वर सूचक केंद्र' अशी पाटी असलेल्या घराची पुढची खोली. महिपती खुर्चीत. त्यांची लेक धम्मप्रिया खाली चटईवर पुस्तक उघडून. बायको केसरबाई सुपात शेंगा फोडत.)

महिपती : थांब, थांब. पोस्टात हाय म्हणालीस न्हवं? मग कायम हाय का कंत्राटी, ते आदी सांग.

धम्मप्रिया : आण्णा, ते उताऱ्यात नाही. टॉम पोस्टमन आहे आणि त्याला गिटार शिकायचीय. एवढंच दिलंय.

महिपती : वय?

धम्मप्रिया : अठ्ठावीस.

महिपती : आईबाप?

धम्मप्रिया : ते नाहीत.

केसरबाई : दोन्ही बी न्हाईत? बिचारं लेकरू.

धम्मप्रिया : आई, मेलेले नाहीत. लिहिलेले नाहीत. परत सांगते, दोघं नीट ऐका. इंग्रजीच्या परीक्षेतला हा वाचनाचा दुसरा प्रश्न. वर पाच माणसं. प्रत्येकाला काहीतरी शिकायचंय. खाली आठ क्लासच्या जाहिराती. कुणाला कुठला क्लास बसतोय ते जुळवायचं. माझे मार्क नेमके इथंच जातात. सर म्हणाले, घरी कुणालातरी मोठ्यानं मराठीत समजावून सांगा, म्हणजे चूक कुठं होती ते आपोआप कळतं.

महिपती : जुळवायचंच हाय न्हवं? मग इतके दिवस मला का न्हाय सांगितलंस? महापालिकेत नोकरीला हुतो तवापास्नं मी दुसरं काय करतोय? अक्कलकोटपतूर माणसं मला जुळवणारे म्हणून ओळखत्यात.

केसरबाई : लई झालं. तिला वाचू द्या. शनवारी परीक्षा हाय तिची पुण्यात. आन शनवारीच तुमी मोडनिंबची माणसं पोरगी बघायला बोलवून ठिवलीत.

महिपती : परीक्षा काय, फुडल्या महिन्यात बी असती. त्यांचा पोरगा मास्तर हाय. ह्या शनवारी त्याच्या शाळेला सुट्टी हाय.

धम्मप्रिया : परीक्षेची तारीख बदलली तर पुढची बॅच जाते, आण्णा. ही मधल्या पातळीची परीक्षा पास झाले तरच एजन्सीवाले मला नर्सेसच्या वरच्या बॅचला घेणार. तिथून पुढं परदेशातली हॉस्पिटलं. हे सगळं मी तुम्हाला आधीच सांगितलंय.

महिपती : सांगितलंयस. बघू की. आता हे वाच.

धम्मप्रिया : 'बघू' नका म्हणू. बरं, टॉम. गिटारचे दोन क्लास आहेत. पहिला : शिकवणारा नावाजलेला, फी कमी, टॉमच्या घराजवळ, चहा-बिस्किट मिळतं. शनिवारी सकाळी. दुसरा : गावाबाहेर, शिकवणारा नवीनच आहे, चहा वगैरे काही नाही. मंगळवारी रात्री.

महिपती : पहिला. इचारतीस काय त्यात?

धम्मप्रिया : टॉमला शनिवारी पत्रं वाटायची असतात.

महिपती : रजा टाकंल.

धम्मप्रिया : त्याला रजा मिळत नाही असं लिहिलंय.

महिपती : लिहित्यात तसं. माणूस आदी न्हाईच म्हणतो. एकदा चहा-बिस्किट खाल्लं की मग बसतो. कुर्डुवाडीचा एक जण मला म्हणला हुता, चष्मेवाली नको. आज त्याला तीन पोरं हायत आन बायको धरून चारीजण चष्मेवाले.

धम्मप्रिया : बरं, लिहिते पहिला. पुढं. हेलन नावाच्या बाई. वय पासष्ट. केक करायला शिकायचंय. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही.

महिपती : नवरा?

धम्मप्रिया : दिलेला नाही. आणि आई, आता तू बिचारी म्हणू नकोस. केकचे दोन क्लास. एक तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पण शिकवणारी बाई फार प्रेमळ.

महिपती : हाच. प्रेमळ माणूस मिळत न्हाय. दोघींनी धरून वर न्यायची.

केसरबाई : माजे गुडघे धरून बघा एकदा, मग बोला प्रेमाचं.

धम्मप्रिया : कॅरल. पोहायला शिकायचंय, पण पाण्याची भीती वाटते. तिला लहान बॅच पाहिजे.

महिपती : पाण्याची भीती वाटती तर पवायला कशाला? नाचाचा क्लास हाय म्हणालीस न्हवं, तितं घाल तिला.

धम्मप्रिया : तिला नाचायचं नाही.

महिपती : तिला इचारलंयस?

धम्मप्रिया : बरं. सुझन आणि तिचा नवरा. दोघांना मिळून एकत्र काहीतरी शिकायचंय. हे जोडपं एकच धरलंय. म्हणजे चौथा नंबर.

महिपती : दोघास्नी येगळं कर. ती उरलेल्या केकच्या क्लासला जाईल, त्यो उरलेल्या गिटारच्या. एकत्र घातलं की घरला येऊन भांडणार. तेवढंच दोन क्लास बी खपले.

धम्मप्रिया : आण्णा, क्लास खपवायचे नाहीयेत. माणसांना जुळवायचंय.

महिपती : एकच की ते. पाचवा कोण?

धम्मप्रिया : पीटर. फोटो काढायला शिकायचंय, स्वतःचा कॅमेरा नाही.

महिपती : मोबाईल असंल की. घाल फोटोच्या कुटल्याबी क्लासात. हां, आता मोज. किती क्लास ऱ्हायले?

धम्मप्रिया : मोजायचं काय त्यात? आठातले पाच गेले की तीन राहतात. तीन उरणारच. ते मुद्दाम जास्त देतात.

महिपती : मुद्दाम? का पण? शिकवणारा मास्तर दार उघडून बसला आसंल, फळा पुसून ठिवला आसंल. त्याच्याकडं कुणीच जायचं न्हाय? आणखी तीन माणसं बोलवायची की. पाचावर का थांबला पेपर काढणारा?

धम्मप्रिया : तशीच परीक्षा आहे.

महिपती : मग ही परीक्षा बरोबर न्हाय. माझ्या केंद्रात नाव घातलं आन उरलं, असं एक बी माणूस दाखव.

केसरबाई : घरातलं सोडून.

महिपती : तू शेंगा फोड.

धम्मप्रिया : उत्तरं बघू आधी. टॉम, चूक. हेलन, चूक. कॅरल, चूक. सुझन, चूक. पीटर, चूक. आण्णा, पाचपैकी शून्य.

महिपती : पुस्तक कुणी काढलंय?

धम्मप्रिया : इंग्लंडमधल्या लोकांनी.

महिपती : त्यास्नी माणसांचं काय कळतंय? म्हंजे त्यो पोस्टमन गावाबाहेर, रातचं, नवशिक्या मास्तरकडं जाणार? आन हितला नावाजलेला सोडून?

धम्मप्रिया : जाणार. कारण त्याला मंगळवारच मोकळा आहे. काल मीपण तुमच्यासारखंच पहिला क्लास लिहिलं होतं. ती जाहिरात वाचली आणि इतकी आवडली की टॉमला शनिवारी काम असतं हे विसरूनच गेले. सर म्हणतात, सापळा असाच लावतात. सगळं जमतं, एक सोडून. आणि ते एक मोडलं की बाकीचं कितीही चांगलं असलं तरी उत्तर चूक.

महिपती : एका गोष्टीसाठी येवढा चांगला क्लास वाया घालवायचा?

धम्मप्रिया : क्लास वाया जात नाही. तो टॉमचा नाही, एवढंच.

केसरबाई : आता ह्यास्नी मोडनिंबचं इचार की, धम्मा. जाहिरात म्हणून.

महिपती : तुला कुणी मधी बोलाय सांगितलंय?

धम्मप्रिया : नाही, आई बरोबर बोलतेय. असं करू या. वरच्या पाचात आता सहावं माणूस घाला. नाव धम्मप्रिया, वय तीस, स्टाफ नर्स. रात्रपाळी करून, नाइटच्या ब्रेकमध्ये टेबलाखाली पाय पसरून, गेली दोन वर्षं इंग्रजी वाचतेय. तिला परदेशात जाऊन काम करायचंय. आता तुमची जाहिरात वाचा.

महिपती : वाचतो की. मला काय भ्या हाय? मुलगा दिपक. शिक्षक, कायम. घर सोताचं, हायवेला लागून. दारू न्हाय, तंबाखू न्हाय. एकच बहीण, ती बी नातेपुत्याला दिलेली. हुंडा मागत न्हाईत, लग्न विहारात साधंपणानं करू म्हणत्यात. वडील धनाजीराव, देवमाणूस. दाखव यात खोट.

धम्मप्रिया : खोट नाहीच. शेवटची ओळ वाचा.

महिपती : संपली जाहिरात.

केसरबाई : न्हाय संपली. शेवटची ओळ मी ऐकलीया फोनवर. पोरीनं नोकरी करायची तर मोडनिंबातच करायची, परदेसाचं नाव काडायचं न्हाय, असं म्हणले धनाजीराव. आन हे 'व्हय, व्हय' म्हणत हुते.

धम्मप्रिया : आण्णा? मग माझ्या परीक्षेचं काय सांगितलंत त्यांना?

महिपती : काय सांगणार. म्हणलो, इंग्रजी ती हौसेनं शिकती. बाकीच्या पोरी कशा मेंदीचा क्लास लावत्यात, तसं.

धम्मप्रिया : मेंदीचा क्लास.

महिपती : बोलायची पद्धत असती ती, धम्मा. आदी माणूस घरात येऊ दे, बसू दे. अटी काय, मागनं सैल पडत्यात. माझ्या अनुभवात...

धम्मप्रिया : आण्णा, मला लई वाईट वाटलं. त्यांचं नाही. त्यांनी तर अट सरळ सांगितली. तुम्हाला माझी अट माहीत होती आणि तुम्ही ती झाकून ठेवली, त्याचं वाईट वाटलं.

महिपती : तुला वाईट वाटलं. मला काय वाटतंय ते कोण वाचणार? वधू-वर मेळाव्यात माईक हातात घेतला की मागनं एखादा वरडतोच : महिपतराव, घरचं कवा? सगळे हसत्यात. मी बी हसतो. घरला येईपतूर जेवायची वासना न्हाय ऱ्हात.

धम्मप्रिया : हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

महिपती : तू तरी कवा इचारलंस.

केसरबाई : आन हे निम्मंच सांगितलं त्यानी. मोडनिंब गाडीनं तासाभरावर हाय, म्हणून ते स्थळ आवडलंय त्यास्नी. कवाबी उठून लेकीला बघून येता येतंय. परदेसाला कुटली यष्टी जाती? परवा रातचं मला इचारत हुते, तितं हिला भाकरी कोण करून दील.

धम्मप्रिया : आण्णा, मला येते भाकरी.

महिपती : फुगत न्हाय तुझी.

धम्मप्रिया : नाही फुगत. खाईन तशीच. पण मी गेले म्हणजे उरले, असं समजू नका. त्या तीन क्लासांत वाईट काय होतं? शनिवारचा तर किती चांगला होता, तुम्हीच म्हणालात. उरला म्हणून तो खराब झाला का?

महिपती : ... त्यो शनवारचा परत वाच.

धम्मप्रिया : वाचला की.

महिपती : परत वाच म्हणतो न्हवं.

धम्मप्रिया : नावाजलेला शिक्षक, कमी फी, घराजवळ, चहा-बिस्किट, शनिवारी सकाळी.

महिपती : शनवार बदलून देत न्हाईत?

धम्मप्रिया : नाही.

महिपती : एकदा इचारून बघायला काय जातंय?

धम्मप्रिया : पुस्तकाला कसं विचारणार, आण्णा?

महिपती : पुस्तकाला न्हवं. दे तो फोन हिकडं. चष्मा बी दे.

केसरबाई : कुणाला लावायलाव?

महिपती : गप बस जरा. ... हॅलो. जयभीम, धनाजीराव. महिपती बोलतोय, सोलापूरहून. ... व्हय, सगळी बरी. न्हाय, शनवारचंच बोलायचं हुतं. आमच्या पोरीची शनवारी परीक्षा हाय. ... न्हाय, हौसेची न्हाय. ते मी चुकीचं सांगितलं तुमाला. तिला परदेसातच जायचंय, नर्स म्हणून. मेहनत घ्यायलीय लई. ... आता दोन-तीन वर्सं तरी. तवा म्हणलं, एकदा इचारावं, तेवढी अट तुमची... ... व्हय. ... व्हय, बरोबर हाय तुमचं बी. एकुलता एक पोरगा, म्हातारपणी सून जवळ पायजे, त्यात चूक काय न्हाय. ... छे छे, तुमचं स्थळ एक नंबर हाय, नाव ठिवायला जागा न्हाय. पण शनवारी जमत न्हाय. ... रविवारी बी न्हाय, धनाजीराव. ... थांबा, ठिवू नका. माझ्याकडं मोहोळची एक मुलगी हाय. मनाली. बीएड झालीय, हितंच नोकरी बघायलीय, आन आईला सोडून लांब जायचं न्हाय म्हणती. मोडनिंब तिला जवळच. फोटो धाडतो. ... शनवारी? मोकळीच असती की ती. बरं, बरं. जयभीम.

केसरबाई : खपला एक क्लास.

महिपती : खपला न्हाय. जुळला.

धम्मप्रिया : आण्णा.

महिपती : काय आण्णा? रडतीस कशाला, पुस्तकावर पाणी पडंल. शनवारी हुतात्मा एक्सप्रेसनं जायचं न्हवं? मी येतो पुण्यापतूर. तू आत पेपर लिव्ह, मी भायेर बसतो. तितं बी आलेली असतील की लग्नाची पोरं.

केसरबाई : केंद्राची कार्डं नका वाटू तितं.

महिपती : दोन-चारच घेतो खिशात. धम्मा, फुडचा वाच. ह्यात कोण हाय?

धम्मप्रिया : ह्यात पाच माणसांना सहलीला जायचंय. आठ सहली आहेत.

महिपती : आदी सगळ्यांच्या अटी सांग. शेवटच्या ओळीपतूर. आन ह्यात बी तीन उरणार?

धम्मप्रिया : तीन उरणार.

महिपती : उरू दे.