आरशातली तालीम

नाही, थांब, खाली बघून बोललीस तर मला काय कळणार — ओठ दिसायला हवेत तुझे. हं, बोल. मी बरी बोलते? बोलणारच, नऊ वर्षांची होईपर्यंत ऐकू येत होतं मला, मग ताप आला, कान गेले, जीभ राहिली. आवाज कसा लागतो ते मात्र मला कळत नाही. दिग्दर्शकांना कळलं. निवडीच्या वेळी मी आईचा प्रवेश करून दाखवला, शेवटी तिची पोराला एक हाक आहे ना, तोंडानं मारायची, ती मारली — आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. एवढीशी. जन्मभर चेहरेच वाचतेय, माझ्यापासून काय लपणार? दुसऱ्या दिवशी मेसेज — भाषांतर तुमचंच ठेवतो, ताई, आणि नटीला शिकवायचंही तुम्हीच. सहा महिने बसून सगळं नाटक मी आमच्या खुणांच्या भाषेत उतरवलं, माझ्याच मापाचं शिवलं म्हण ना, आणि घातलंस तू.

तुझा दोष? छे, तुझा काय दोष. वेळेवर येतेस, मुकाट शिकतेस. हात सुरेख चालतात तुझे, काल दिग्दर्शकही म्हणाले. मग मी गप्प का? सांगते — सांगणार नव्हते खरं तर. पहिल्या दिवशी तुला आरशासमोर कुणी उभं केलं? मीच. शाळेत, आमच्या बहिऱ्या मुलांच्या वर्गात, मी कुणाला आरशासमोर उभं करत नाही — आरशात माणूस स्वतःचे हात बघत बसतो. तेच झालं, आता वाक्यागणिक तुझी नजर हातांवर जाते. आमच्यात बोलताना स्वतःच्या हातांकडे कुणी बघत नाही गं, समोरच्याच्या डोळ्यांत बघतात. ऐकू येणाऱ्यांना पत्ता लागणार नाही. पण परवा पुढच्या दोन रांगांत माझ्या शाळेतली मुलं बसणार, त्यांना पहिल्या वाक्यालाच कळेल, ही आई उसनी आहे. आणि मला तेच हवं होतं. दोन महिने मला तेच हवं होतं.

आज का सांगतेय? सकाळी वर्गात एकीनं विचारलं — स्टेजवरची आई खरंच आपल्यासारखी बोलणार, पूर्ण दोन तास? या मुलांनी आजवर नाटकात बघितलंय काय, तर कोपऱ्यात उभं राहून भाषांतर करणारी मी. नट सगळे मधल्या उजेडात, आणि ही बिचारी मुलं माझ्याकडे माना वळवून बसलेली. मी तिला हो म्हणाले. म्हटल्यावर फार लाज वाटली मला.

ती चादर दे, आरसा झाकते. तू बस खुर्चीत. शेवटचा प्रवेश एकदा करते, हाकेसकट — माझ्या डोळ्यांकडे बघ, हातांकडे नको.

…

झालं. असं करायचं. — काय? सावकाश बोल. दिग्दर्शकांना सांगणार, भूमिका मला द्या म्हणून? नको. दोन महिन्यांपूर्वी म्हणाली असतीस तर पाय धरले असते तुझे. आता ताकद नाही, आणि परवा पडदा उघडायचाय. उद्या सकाळी ये, दिवसभर घोटून घेऊ, हातांवरची नजर सुटेल. जा आता. नाही, काही बोलू नकोस — हे बघ, मी डोळे मिटले.