कराचीचा हात

माझा जल्म माण तालुक्यातला, दहिवडीच्या पल्याड. बा मेंढरं राखायचा. जमीन व्हती पर पाऊस पडंल तर पिकायची, न्हाईतर नुसती बगायची, म्हणून आमच्याकडची पोरं एकतर मुंबईला गिरणीत जायाची न्हाईतर पलटणीत, मी पलटणीत ग्येलो. साताऱ्याला भरती झाली, छाती मोजली, आनि सायबानं इचारलं लिवता-वाचता येतं का, मी म्हणलो व्हय सायब, थोडं इंग्रजी बी येतं, तर मला जबलपूरला धाडलं वायरलेस शिकाया. काय सांगू तुमाला, दिवसभर नुसतं डिट-डा डिट-डा, जेवाया बसलो तरी बोटं ताटावर चालायची, शेजारचा गडी म्हणायचा आरं जेव की गड्या, कुनाला तार करतुयास.

मग लढाई. बर्माच्या जंगलात व्हतो, त्ये सांगत बसत न्हाई, आर्धं इसारलोय आनि आर्धं सांगू वाटत न्हाई. पर एक गोष्ट तितं शिकलो ती सांगतो, न्हाईतर फुडलं तुमाला कळायचं न्हाई. तारेचं बटन दाबणारा परत्येक माणूस निराळा वाजवतो. कुनी घाई करतो, कुनी शेवटचं अक्षर ओढतो. आमी त्येला हात म्हणायचो. तोंड दिसत न्हाई, आवाज न्हाई, पर दोन अक्षरं वाजली की कळतंय ह्यो कोण, जसं पावलावरनं घरातलं माणूस कळतंय, तसं.

लढाई सपल्यावर बा म्हणला आता मेंढरं राख. मी म्हणलो बा, त्ये आता जमायचं न्हाई मला. सांगलीला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लागलो, लगीन झालं, आनि हळदीच्या पेठंत भूपाल अण्णांच्या घरामागची खोली घेटली. अण्णा जैन, हळदीचं व्यापारी, मोठा माणूस पर बोलायला साधा. त्येंचा एकुलता एक ल्योक नेमू कराचीची पेढी बगायचा, तवा आपली हळद तिकडं जायाची, बायको सुशीला बी तिकडंच.

लढाईत सरकारनं हौशी लोकांची वायरलेस यंत्रं बंद केली व्हती, आता परत परवानं द्यायला लागलं, तवा मी बी परीक्षा दिली आनि परवाना काढला. ह्ये हौशी म्हंजे काय, तर आपल्या घरात आपलं यंत्र, आनि लांबच्या कुना आपल्यासारख्याशीच तारंनं बोलायचं. आमची मंडळी इचारायची, आवं त्येनं मिळतंय काय. मी म्हणायचो काय न्हाई. मग ती म्हणायची बरं. लष्करानं मोडीत काढलेला रिशीव्हर पुण्यासनं आणला, धाडायचं यंत्र सोता बांधलं, फळीवर, बांबूच्या नळीवर तांब्याची तार गुंडाळून, आनि छपरापासनं मागच्या चिंचंपतुर एरियल. पेठंतली हळद उडून सगळ्यात बसायची, ठिणग्या पडायच्या, तवा मंडळीनं जुन्या लुगड्याचं झाकाण शिवून दिलं.

दिवस मावळताना कराची लय छान ऐकू यायची. तितला एक हौशी माझा दोस्त झाला, नाव अन्वर, बाकी काय म्हाईत न्हाई. त्येचा हात सावकाश, गोल, एक ठिपका वाया जायाचा न्हाई, मला वाटायचं कुनी पेन्शनीतला म्हातारा मास्तर आसंल. आमी बोलायचो काय, तर तुझ्याकडं पाऊस हाय का, माझी एरियल पडली, आज तू बारीक ऐकू येतुयास. परवान्यात लिवलंच व्हतं, यंत्राचं आनि हवेचं बोला, दुसऱ्याचा निरोप धाडायचा न्हाई.

मग फाळणी झाली. एका दिसात अन्वर परदेशी झाला, पर आमचं पावसापाण्याचं चाललंच व्हतं. कराची पयली शांत व्हती, नेमूची पत्रं यायची, हितं ठीक हाय म्हणून. मग तितं बी दंगल झाली आनि पत्रं थांबली. अण्णांनी तारेवर तारा केल्या, उत्तर न्हाई. सुशीलाला दिवस ग्येलेलं. अण्णांच्या मंडळीनं, म्हंजे माईंनी, अन्न सोडलं. एक दिवस अण्णा माझ्या खोलीत आलं, एरवी कवा यायचं न्हाईत, खाली बसलं आनि म्हणलं, हवालदार, ह्या तुमच्या यंत्रातनं माझ्या पोराचं काय कळंल का. मी म्हणलो अण्णा, कायद्यात बसत न्हाई. त्ये उठलं न्हाईत.

परवाना जाईल, नोकरी जाईल, आनि त्या दिसांत पाकिस्तानाशी बोलतो म्हणल्यावर लोक काय म्हणत्याल, सगळं डोक्यात आलं. पर समोर बाप बसलाय. मी बटन हातात घेटलं आनि अन्वरला पेढीचा पत्ता वाजवला. त्येनं एवढंच वाजवलं, सकाळी जातो.

दुसऱ्या दिवशी सांजच्याला म्हणला, पेढी फोडलीया, माणसं न्हाईत. मी अण्णांना फोडली म्हणलो न्हाई, बंद हाय म्हणलो. मग त्यो ऐकूच आला न्हाई. अण्णा रोज येऊन बसायचं, मी रिशीव्हरला कान लावून बसायचो. आनि मग एकदा आला, म्हणला, सापडले, एका शाळंत व्हते, आता माझ्या घरी हायत, बोटीत बसवतो. मी तसाच पळालो, अण्णा, हाय म्हणलो, दोघं बी हायत, आनि माईंनी मला लेकरासारखं जवळ घेटलं. परत आलो तर आवाज बुडालेला. म्हणलं ऱ्हाऊ दे, आभार उद्या मानू.

दुसऱ्या दिवशी फौजदार आला. तवा सांगली संस्थान व्हतं. कुनीतरी खबर दिलेली. तुम्ही पाकिस्तानाशी बोलता? मी म्हणलो व्हय सायब, बोललो. त्येला वाटलं व्हतं मी न्हाई म्हणीन. अण्णा फुडं आलं, म्हणलं त्ये माझ्या पोरासाठी बोलले, न्यायचं तर मला बी न्या. फौजदार वाईट न्हवता. मला नेलं न्हाई, फकस्त धाडायच्या यंत्राला लाखेचं शील केलं, वरनं हुकूम येईपतुर हात लावायचा न्हाई म्हणला. रिशीव्हर ऱ्हाऊ दिला.

म्हंजे मला ऐकता येत व्हतं, बोलता येत न्हवतं.

सांजच्याला अन्वर माझी खूण, म्हंजे परवान्यावरची माझी अक्षरं, वाजवाया लागला. बोट सुटली, म्हणला. मी गप. मग रोज त्येच, पोचले का, पोचले का. ज्या दिवशी नेमू-सुशीला सांगलीत आली त्या दिवशी अंगणात सगळी रडतायत, हसतायत, आनि खोलीत त्यो इचारतोय पोचले का. नेमू आत आला, म्हणला काय वाजतंय ह्ये. मी सांगितलं. त्यो तितंच खाली बसला.

मग त्येनंच सांगितलं, अन्वर म्हातारा न्हवं, मिसरूड फुटल्यालं पोरगं हाय, बंदरात कामाला. दंगलीत सायकल घेऊन ह्यांना शोधत फिरला. त्येच्या आईनं सुशीलासाठी नवं भांडं काढून कांदा-लसणाबिगर शिजवलं, पोटुशी बाई उपाशी नको म्हणून. नेमूनं त्येला पत्रं टाकली, उत्तर न्हाई. मुंबईच्या एका हौशीला मी कार्ड टाकलं, अन्वरला सांग पोचले म्हणून, त्येनं बी हाका मारल्या, पर त्येचं जुळलं न्हाई. तवर संस्थान विलीन झालं, जुनं कागद नव्या कचेरीत, मी ग्येलो की म्हणायचे सापडत न्हाईत, या परत. अन्वरचा हात आदी रोज, मग मधनं मधनं, मग न्हाईच. शील निघालं तवा लय दिवस हाका मारल्या. कराचीची दुसरी माणसं बोलली, त्यो न्हाई.

आता माझं वय झालं. मंडळी ग्येली, अण्णा ग्येले, नेमू बी. सुशीलाची लेक हितंच जल्मली, तिलाच नातवंडं हायत आता. कृष्णंला पूर आला की नवी हौशी पोरं यंत्रं घेऊन गावोगाव बसत्यात, निरोप धाडत्यात, सरकारच सांगतं धाडा म्हणून, बरं वाटतं बगून. माझी बोटं थरथरत्यात, माझाच हात मला वळखू येत न्हाई. अन्वर आसंल तर त्यो बी वाकला आसंल. जितं आसंल तितं द्येव, त्येचा जो आसंल त्यो, त्येला सुखात ठिवो, आनि कुनीतरी त्येला येवढं सांगितल्यालं असू दे की व्हय बाबा, पोचले.