सावलीतला लव्हाळा

…नाही हो, कापायचं काहीच नाही. गवत नव्हेच ते. लव्हाळा आहे, रानातला. दांडा बोटांत फिरवून बघा — तीन धारा लागतात ना? तुमच्या त्या झाडाखाली हिरवळ दोनदा लावली, दोनदा गेली — जाणारच, ऊन कुठंय तिथं? हा सावलीतच खूश. वीत-वीत अंतरावर ठोंब लावा, पहिलं वर्ष पाणी घाला, तण काढा, मग विसरा. दुसऱ्या वर्षी माती दिसायची नाही.

कुठून आणला? माझा नाहीच तो. धाकट्या भावाचा. वनरक्षक होता तो. जंगलातून रस्ता जायचा ठरला, तर यंत्रं यायच्या आधी आठ दिवस एकटा खणत बसला — चाळीस पोती ठोंब घेऊन माझ्या या रोपवाटिकेच्या दारात! म्हणे, ‘ताई, वर्षभर सांभाळ, दुसरी जागा मिळाली की नेतो.’ मी म्हटलं, ठेव. ठेव म्हणायला काय जातं? पण पाणी मी घालायचं, कंबर माझी मोडायची — आणि जागा मिळायला लागली सहा वर्षं. मधे एक बाई आल्या, हे द्या म्हणाल्या. दिला फोडून. एकाचे चार होतात, त्याचं काय कमी झालं? काही नाही. — म्हणजे, झालं. लोकांना सगळं एकसारखं लागतं ना. काही ठोंब बुटके, काही झिपरे, काही पिवळट — कोण घेणार? एकच होता, दाट, तजेलदार. त्याचेच फोडत गेले. बाकीचे… टाकले खतात. जागा अडवत होते हो.

मग भाऊ आला, डोंगरउतारावर जागा मिळाली म्हणून नुसता हरखलेला. वाफ्यांतून फिरला, वाकून वाकून बघितलं. वाटलं, ओरडेल. तर म्हणाला, ‘ताई, हा सगळा एकच आहे गं.’ एवढंच. तरी दोनशे रोपं नेली. उन्हाळा कडक निघाला, आणि एका आठवड्यात झाडून सगळी गेली. झिपऱ्यांतलं एखादं तगलं असतं — असं तो नाही म्हणाला, मी म्हणतेय. तो फोनवर फक्त ‘गेली’ म्हणाला. त्या फोनला दीड वर्ष झालं.

हे मी कुणाला सांगत नाही. दमलेय, दुसरं काय.

परवा भावजयीचा फोन. म्हणे, ‘हे’ रोज त्या रस्त्याच्या कडेनं हिंडतात, गुडघे धरून. अकरा ठोंब सापडलेत, अकराही वेगळे. ‘ताईकडे जागा आहे का विचार’ म्हणालेत. माझ्याकडे! अजून माझ्याकडेच! — मी काय म्हणणार? म्हटलं, जागा नाही.

काय बघताय? दिसतोय मला रिकामा वाफा. मलाही डोळे आहेत.

उचला तुमचे ट्रे. गाडीत आडवे ठेवू नका. — नाही, आज आणखी काही दाखवत नाही. या तुम्ही.